गिटारच्या बांधणीतील चुका आणि त्यांची डागडुजी

खुर्चीचा एक पाय दोन मिलिमीटरने आखूड पडला, तर सुतार उरलेले तीन पाय तेवढेच कापतो आणि खुर्ची बसण्याजोगी होते. गिटारमध्ये मात्र हे दोन मिलिमीटर नेमके कुठे चुकले यावर सारे अवलंबून असते. ते पाठीच्या कडेला चुकले असतील तर ऐकणाऱ्याला कधी कळणारही नाही, पण घोडीच्या जागेत चुकले असतील तर वाद्य कितीही देखणे असले तरी सुरात वाजणार नाही. म्हणूनच चूक झाल्यावर कारागिराला हातातले हत्यार खाली ठेवून प्रथम एवढे ठरवावे लागते की, ही चूक केवळ डोळ्यांना खुपणारी आहे, वाद्याच्या मजबुतीला बाधणारी आहे की सुराच्या मोजमापात शिरलेली आहे. सुतारकामातला 'भुसा आणि फेविकॉल' हा सर्वपरिचित उपाय पहिल्या प्रकारात कधीकधी चालून जातो, दुसऱ्यात फसवा ठरतो आणि तिसऱ्यात त्याचा काही उपयोगच नसतो.

सतार किंवा तंबोरा जवळून पाहिलेल्या वाचकाला अकूस्टिक गिटारची रचना अपरिचित वाटणार नाही. पोकळ पेटीवर पातळ लाकडाची तबली बसवलेली असते, तबलीवर घोडी चिकटवलेली असते आणि तारांचा ताण घोडीपासून मानेच्या टोकावरील खुंट्यांपर्यंत सतत ओढ देत राहतो. पोलादी तारांच्या गिटारमध्ये ही ओढ एकूण सुमारे ७० किलोंची भरते आणि ती पेलणारी तबली, जी बहुधा स्प्रूस या हलक्या व ताठ सूचिपर्णी लाकडाची असते, जेमतेम अडीच ते तीन मिलिमीटर जाडीची असते. ती कोसळू नये म्हणून तिच्या आतील अंगाला लाकडी आधारपट्ट्या चिकटवतात. अमेरिकेतील मार्टिन कंपनीने १८४०च्या दशकात वापरात आणलेली फुलीच्या आकाराची मांडणी पोलादी तारांच्या गिटारमध्ये आजही सर्वाधिक आढळते. तबली जाड ठेवली तर आवाज दबतो, पातळ केली तर ती वाकते, आणि या दोन धोक्यांमधील अंतर मिलिमीटरच्या अंशांत मोजावे लागते.

कोणती चूक किती गंभीर मानावी याचा एक जुना आणि मोठा मार्मिक दाखला स्पेनमध्ये आहे. आजच्या शास्त्रीय गिटारला तिचे रूप देणारे अल्मेरियाचे कारागीर आंतोनियो दे तोरेस (१८१७–१८९२) यांनी १८६२मध्ये एक गिटार अशी बांधली की, तिची तबली नेहमीप्रमाणे स्प्रूसची होती, पण पाठ आणि बाजू चक्क कागदी लगद्याच्या पुठ्ठ्याच्या होत्या. आवाजाचा मुख्य भार तबली वाहते, हे तोरेस यांना दाखवायचे होते. ती गिटार आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. डागडुजीच्या दृष्टीने या प्रयोगाचा अर्थ सरळ आहे. पाठीला किंवा बाजूला बसवलेले ठिगळ, नीट चिकटले असेल तर, आवाजाला फारसे बाधत नाही, आणि म्हणून तिथल्या चुकीसाठी महागाचे लाकूड फेकून देणे हा बहुधा कारागिराच्या अभिमानाचा प्रश्न असतो; तबलीच्या बाबतीत मात्र असे औदार्य परवडत नाही.

सर्वांत कठोर हिशेब फ्रेटचा असतो. फ्रेट म्हणजे फिंगरबोर्डवर आडवी ठोकलेली धातूची तार, जिच्यामागे बोट दाबल्यावर तारेची कंप पावणारी लांबी ठरते. सतारीचा पडदा दोऱ्याने दांडीला बांधलेला असतो आणि वादक तो हलकेच सरकवून स्वर नेमका करून घेऊ शकतो. गिटारचा फ्रेट लाकडात करवतीने पाडलेल्या सुमारे ०.६ मिलिमीटर रुंदीच्या खाचेत कायमचा बसतो, त्यामुळे खाच चुकली की स्वरही कायमचा चुकला. या खाचांची जागा काढण्याची रीत फार जुनी आहे. शास्त्रज्ञ गॅलिलिओचे वडील आणि ल्यूटवादक विन्चेंझो गॅलिली यांनी १५८१मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात प्रत्येक पडद्यागणिक उरलेल्या लांबीचा अठरावा भाग वगळण्याचा नियम मांडला होता. आजच्या हिशेबात तो भाजक १८ऐवजी १७.८१७ धरतात, आणि हा फरक वाटतो तेवढा किरकोळ नाही. ६५० मिलिमीटर तारलांबीच्या गिटारवर बाराव्या फ्रेटपाशी तारेची लांबी बरोबर निम्मी, म्हणजे ३२५ मिलिमीटर उरली पाहिजे. अठराच्या नियमाने ती सुमारे ३२७.४ मिलिमीटर उरते.

एक मिलिमीटरची चूक कानाला किती जाणवेल, याचेही उत्तर जागेनुसार बदलते. संगीतातील सूक्ष्म अंतर सेंट या एककात मोजतात आणि लगतच्या दोन फ्रेटमध्ये असे १०० सेंट असतात. पहिला फ्रेट एक मिलिमीटरने सरकला तर स्वर तीन सेंटांहून कमी हलतो. बाराव्याला तोच एक मिलिमीटर पाच सेंटांच्या पुढे जातो आणि एकोणिसाव्याला आठ सेंट होतो, जे सरावलेल्या कानाला सहज खटकते. चूक बहुधा मोजण्याच्या पद्धतीतून येते. एका फ्रेटपासून पुढचा, त्यापासून त्याच्या पुढचा असे मोजत गेले की प्रत्येक मापातला किंचित फरक साठत जातो. सर्व मापे मानेच्या टोकाकडील एकाच बिंदूपासून, म्हणजे तारा ज्या नट नावाच्या पट्टीवरून येतात तिथून, घेतली तर प्रत्येक चूक आपापल्या जागी राहते. एखादी खाच चुकली असल्यास तिच्यात त्याच लाकडाची पातळ पट्टी, रेषांची दिशा जुळवून, चिकटवतात आणि ती पूर्ण सुकून सपाट केल्यानंतरच नवी खाच पाडतात. जुनी आणि नवी खाच एकमेकींना खेटून असतील तर जुनी पक्की भरल्याशिवाय करवत लावू नये, कारण पाते पोकळ बाजूकडे ओढले जाते आणि दुसरी खाचही बिघडते. एबनी किंवा शिसवीच्या काळपट लाकडात ही दुरुस्ती फ्रेट बसल्यावर शोधूनही सापडत नाही. पण पाच-सहा खाचा चुकल्या असतील आणि फिंगरबोर्ड अद्याप मानेवर चिकटवलेला नसेल, तर तो बाजूला ठेवून नवा कापणे हेच स्वस्त पडते. कधीकधी तर चूक भासते त्याहून साधी निघते. सगळे फ्रेट परस्परांशी बरोबर असून केवळ नटकडील टोक एक मिलिमीटर लांब राहिले असेल, तर ते टोक तेवढे घासले की सर्व काही जागेवर येते.

घोडीच्या जागेचा विचार याच हिशेबाच्या दुसऱ्या टोकाला येतो. तार दाबली की ती किंचित ताणली जाते आणि स्वर चढतो, म्हणून घोडीवरील सॅडल, म्हणजे ज्या हाडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीवर तारा टेकतात ती, हिशेबी लांबीच्या दोन-तीन मिलिमीटर मागे आणि खर्जाच्या तारांकडे अधिक मागे झुकलेली बसवतात. हे भान न ठेवता घोडी नेमक्या ६५० मिलिमीटरवर चिकटवली, तर वरचे सगळे स्वर चढे वाजतात. अशा वेळी नवशिका कारागीर पहिल्यांदा घोडी उखडायला निघतो, आणि तिथेच अधिक मोठे नुकसान होते, कारण गरम पातीने घोडी सोडवताना तिच्याखालचे स्प्रूसचे तंतू सोलून निघण्याची भीती असते. सॅडलची खाच त्याच लाकडाच्या तुकड्याने भरून मागच्या बाजूला नवी पाडणे हा उपाय पुष्कळदा पुरेसा होतो. मात्र नवी खाच तार अडकवण्याच्या छिद्रांच्या फार जवळ जाणार असेल, तर मधले लाकूड ताणाखाली फुटेल, आणि तेव्हा घोडी काढण्याला पर्याय उरत नाही.

मानेच्या कोनातील चूक ही सर्वांत जास्त घाबरवणारी, पण प्रत्यक्षात भूमितीने नेमकी सुटणारी चूक आहे. फ्रेटवर ठेवलेली सरळ पट्टी पुढे घोडीच्या माथ्याला जेमतेम टेकली पाहिजे. ती घोडीच्या कमरेवर आदळत असेल, तर मान पुढे झुकली आहे, तारा फ्रेटपासून उंच राहतील आणि वाजवणाऱ्याची बोटे दुखतील. चौदाव्या फ्रेटपाशी पेटीला जोडलेल्या ६४५ मिलिमीटर तारलांबीच्या गिटारमध्ये सांध्यापासून सॅडलपर्यंतचे अंतर सुमारे २८७ मिलिमीटर असते. मानेच्या बुंध्याचा जो भाग पेटीच्या बाजूला टेकतो त्याला टाच म्हणतात आणि तिची उंची ९० मिलिमीटर धरली, तर पट्टीचे टोक घोडीपाशी तीन मिलिमीटरने वर आणण्यासाठी टाचेच्या खालच्या कडेवरून साधारण ०.९ मिलिमीटर लाकूड काढावे लागते. वरच्या कडेला काहीच काढायचे नसते, म्हणजे निघते ती एक पाचर. पटाशीचे दोन-तीन हलके काप, पुन्हा बसवून मोजणे, पुन्हा काप, असेच हे काम चालते. उलट दिशेची चूक असेल तर तेवढ्याच जाडीची पाचर आत घालतात. टेलर कंपनीने १९९९मध्ये आणलेल्या मानेच्या रचनेत तर बोल्टने जोडलेल्या मानेखाली वेगवेगळ्या जाडीच्या तयार चकत्या बसवण्याची सोयच करून ठेवली, म्हणजे कोन चुकणार हे गृहीत धरूनच सांधा आखला.

तबली जास्त घासली गेली, तर तोटा किती होतो हे डोळ्यांना दिसत नाही. पट्टीचा ताठपणा तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो; त्यामुळे जाडी दहा टक्क्यांनी कमी झाली तर ताठपणा सुमारे २७ टक्क्यांनी उतरतो. हाच नियम कारागिराच्या मदतीलाही येतो, कारण आतल्या आधारपट्ट्यांची उंची थोडीशी वाढवली की गमावलेला ताठपणा बऱ्याच अंशी भरून निघतो. आधारपट्टीच जास्त तासली गेली असेल, तर तिचा माथा सपाट करून त्यावर स्प्रूसचीच पट्टी, रेषा लांबीला समांतर ठेवून, चिकटवतात आणि पुन्हा आकार देतात. येथे भुसा आणि गोंदाचे मिश्रण कुचकामी असते, कारण लाकडाचा ताठपणा त्याच्या लांब, अखंड तंतूंमध्ये असतो आणि भुशात तंतूच उरलेला नसतो.

बाजूच्या पट्ट्या वाकवताना होणारे अपघात वेगळ्या जातीचे आहेत. सुमारे दोन मिलिमीटर जाडीची पट्टी पाण्याने ओली करून तापलेल्या नळीवर हळूहळू वाकवतात. उष्णतेने लाकडातील लिग्निन हा बांधणारा घटक मऊ होतो आणि थंड झाल्यावर पट्टी तोच आकार धरून ठेवते. गिटारच्या कमरेपाशी वळण सर्वांत आवळ असते आणि चीर पडते ती बहुधा तिथेच, वळणाच्या बाहेरच्या अंगाला. तंतू नुकतेच उचलले जात असताना दाब सोडून लाकूड पुन्हा तापवले तर बरेचदा निभावते. चीर पडलीच तर तिच्यात पातळ गोंद सोडून, पट्टी साच्यात क्लॅम्पने आवळून सुकू देतात आणि आतून कापडाची पट्टी किंवा लाकडाचे पातळ ठिगळ लावतात. शिसव याबाबतीत बरीच सोशीक मानली जाते. ब्राझीलने १९६०च्या दशकाच्या अखेरीस आपल्या शिसवीच्या ओंडक्यांची निर्यात थांबवल्यावर मार्टिनने पश्चिम घाटासह दक्षिण भारतात वाढणारी भारतीय शिसव वापरायला घेतली आणि आज जगभरच्या गिटारांच्या पाठी-बाजूंमध्ये ती सर्रास दिसते. तिचा गडद जांभळट-तपकिरी रंग चिरांची भरणी पोटात घालतो. फिकट मेपलमध्ये तीच भरणी काळ्या रेघेसारखी उठून दिसते.

पेटी जोडून झाल्यावर तबलीच्या कडेने बाइंडिंगसाठी, म्हणजे कडेवर बसणाऱ्या लाकडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीसाठी, राऊटर या फिरत्या पात्याच्या यंत्राने खाच पाडतात, आणि नवशिक्यांच्या गिटारांवरील सर्वाधिक जखमा याच टप्प्यावर होतात. स्प्रूसच्या रेषा सरळ लांबीला धावतात, पण गिटारची कड गोल फिरते. त्यामुळे कडेच्या काही भागांत पाते रेषांच्या अनुकूल चालते आणि काही भागांत त्यांच्या विरुद्ध. विरुद्ध गेले की ते तंतू कापण्याऐवजी उचकटते आणि बोटभर लांबीची ढलपी एका क्षणात निघून जाते. अशी ढलपी भुशाच्या ढिगातून शोधून काढणे हाच उत्तम उपाय असतो, कारण तिच्या रेषा त्या जागेशी तंतोतंत जुळतात. ती गोंद लावून चिकटपट्टीने दाबून बसवली की सांधा जवळजवळ दिसत नाही. सापडलीच नाही तर तबलीच्याच उरलेल्या तुकड्यातून, वाढीच्या रेषांची दाटी मोजून, तशी दुसरी कापावी लागते. खाच नुसतीच जास्त रुंद झाली असेल, तर बाइंडिंगच्या आत काळ्या-पांढऱ्या लाकडाची आणखी एक बारीक रेघ बसवतात आणि पाहणाऱ्याला ती नक्षी वाटते.

ही शेवटची युक्ती किरकोळ वाटली तरी गिटारच्या सजावटीकडे पाहण्याची दृष्टी तीतून मिळते. बाइंडिंग हे मुळात तबली आणि बाजू यांच्या जोडाची उघडी कड झाकते आणि टोकाच्या तंतूंमधून ओल आत शिरू देत नाही; पाठीवरून मधोमध जाणारी पट्टी दोन फळ्यांचा सांधा लपवते; ध्वनिछिद्राभोवतीचे रोझेट, म्हणजे नक्षीचे कडे, छिद्राची कड चिरण्यापासून वाचवते; मानेच्या डोक्यावरचा पातळ पापुद्रा चुकलेल्या जोडावर आणि खुंट्यांच्या चुकीच्या जागी पडलेल्या, नंतर बुजवलेल्या भोकांवर सारखेच पांघरूण घालतो. पिढ्यान्‌पिढ्या त्याच त्या जागी लाकूड दगा देत आले आणि कारागिरांनी तिथे आधीच ठिगळ लावून त्याला शोभेचे रूप दिले, असेच म्हणावे लागते. इलेक्ट्रिक गिटारमध्ये हे काम रंग करतो. गिब्सन कंपनीच्या १९५२च्या सोनेरी लेस पॉल गिटारांवर मेपलचे जोड रंगाखाली झाकले जात. १९५८पासून पारदर्शक सनबर्स्ट रंग आल्यावर तेच जोड उघडे पडू लागले आणि जुळवलेल्या फळ्या निवडणे भाग पडले.

भरणीच्या साहित्याविषयी एक सावधगिरी येथे नोंदवली पाहिजे. भुसा आणि गोंद यांचा लगदा एबनीमध्ये खपतो, पण स्प्रूसमध्ये तो गडद डाग होऊन बसतो आणि वर पॉलिश चढले की अधिकच स्पष्ट होतो, कारण आजूबाजूचे तंतू प्रकाश परावर्तित करतात आणि लगदा करत नाही. झटपट चिकटणारा सायनोअॅक्रिलेट गोंद, जो फेविक्विकसारख्या नावांनी घरोघरी असतो, उघड्या स्प्रूसवर सांडला तर खोल शिरून पिवळट डाग पाडतो. म्हणून जागेभोवती आधी लाखेच्या पॉलिशचा हात देतात. लाकूड केवळ दबले असेल, तुटले नसेल, तर भरणीची गरजच नसते. ओले फडके ठेवून वर इस्त्रीचे टोक टेकवले की वाफेने चेपलेले तंतू फुगून पृष्ठभागाशी पुन्हा समतल होतात.

गोंदाची निवड हा डागडुजीचाच भाग आहे. जनावरांच्या कातडीपासून बनवलेला पारंपरिक सरस उष्णता आणि ओल यांनी सुटतो, त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीची गिटारही उघडता येते. फेविकॉलच्या जातीचा पांढरा वा पिवळा गोंद उष्णतेने मऊ होतो, पण त्याचा जुना थर पूर्ण खरवडल्याशिवाय नवा धरत नाही. इपॉक्सी सोडवताना बहुधा आजूबाजूचे लाकूडच निघून येते. पुढे कधीतरी उघडावा लागेल अशा मानेच्या सांध्यात इपॉक्सी वापरणे ही म्हणूनच चूक मानावी, मग तो सांधा आज कितीही घट्ट बसलेला असो. मानेचे आणखी एक दुखणे तारांच्या ओढीने येणाऱ्या बाकाचे होते. त्यावर गिब्सनच्या थॅडियस मॅकह्यू यांनी मानेच्या आत बसणारी, पिळून घट्ट-सैल करता येणारी पोलादी कांब काढली आणि तिचे पेटंट १९२३मध्ये मिळाले. पण या कांबेसाठी डोक्यापाशी खोदलेली खाच मानेच्या सर्वांत कमकुवत जागी येते, आणि गिब्सनच्या गिटारांची डोकी नेमकी तिथेच मोडण्यासाठी प्रसिद्ध झाली. १९७०च्या सुमारास कंपनीने त्या जागी मागून लाकडाचा फुगवटा ठेवायला सुरुवात केली. एका चुकीवरील उपायाने दुसरी चूक कशी जन्माला येते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

महाराष्ट्रात गिटार बांधणाऱ्याला किंवा दुरुस्त करणाऱ्याला या सगळ्यांहून अधिक छळते ते हवामान. लाकूड लांबीत फारसे हलत नाही, पण रेषांना आडवे ते ओलीने फुगते आणि कोरडेपणाने आकसते. म्हणून मोठे कारखाने ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रतेत काम करतात. मुंबई-कोकणात पावसाळ्यात हे प्रमाण ८० टक्क्यांच्या वर जाते, आणि अशा हवेत फुगलेल्या तबलीला आधारपट्ट्या चिकटवल्या तर ती रुंदी गोंदाने पक्की होते. तीच गिटार मे महिन्यात नागपूर-अकोल्याच्या कोरड्या उष्म्यात गेली की तबली आकसू पाहते, आडव्या पट्ट्या तिला आकसू देत नाहीत आणि ती रेषेच्या दिशेने उभी चिरते. चीर दिसताच तिच्यात गोंद किंवा लाकडाची सळई भरण्याचा मोह होतो, पण आधी गिटार ओलसर स्पंजासह पेटीत काही दिवस बंद ठेवून लाकडाला ओल परत घेऊ द्यावी लागते. बऱ्याच चिरा तेवढ्यानेच मिटतात. मग आतून एक-दीड सेंटिमीटरची स्प्रूसची चौकोनी ठिगळे, त्यांच्या रेषा तबलीच्या रेषांना आडव्या ठेवून, चिरेवर चिकटवतात, आणि हात पोहोचत नसेल तिथे बाहेर-आत दोन लोहचुंबक लावून ती दाबून धरतात. ओल दिल्यावरही फट उरलीच, तर तेवढ्याच रुंदीची स्प्रूसची सळई तिच्यात बसते. कोरड्या दिवसांत घाईने भरलेल्या चिरेला मात्र पावसाळ्यात फुगायला जागा उरत नाही, आणि तबली घोडीच्या बाजूला लाटेसारखी उचलली जाते.